टवका, तडा आणि पुढची तारीख

इलेक्ट्रिक मोटारीची पुढची काच फुटली आणि नवी काही केल्या येईना, अशी पत्रं एवढ्या संख्येने आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. गाडीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव सगळ्याच पत्रांतून काढलं आहे.

प्रश्न : चाकणहून मोशीकडे येताना पुढच्या डंपरमधून खडा उडाला. काचेवर डाव्या बाजूला वाटाण्याएवढा टवका आहे आणि त्यातून तीन बारीक रेषा निघाल्या आहेत. सर्व्हिस सेंटर म्हणतं, काचच बदला. घरचे म्हणतात, एवढंसं तर आहे, राहू द्या. कोणाचं ऐकू? (वाचक, मोशी)

उत्तर : दोघांचंही नको. हा टवका भरून घ्या, आणि तोही याच आठवड्यात.

पुढची काच एकसंध नसते. सुमारे दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा असतात आणि त्यांच्यामध्ये पाऊण मिलिमीटरचा पीव्हीबी नावाचा पारदर्शक, चिवट थर दाबून बसवलेला असतो. खडा लागतो तो बाहेरच्या काचेला. आतल्या काचेवरून नख फिरवून पाहा. गुळगुळीत लागलं, तर इजा बाहेरच्याच थरात आहे आणि ती भरता येते. नख अडलं तर काच बदलण्याला पर्याय नाही.

भरण्याजोगा टवका ओळखण्याची साधी खूण म्हणजे रेषांसकट तो एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला गेला पाहिजे. काचेच्या कडेपासून तो निदान पाच सेंटिमीटर आत हवा, कारण कडेला काच मुळातच ताणाखाली असते आणि तिथला तडा भरूनही पुढे सरकतो. तो चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर नसावा, कारण भरल्यावरही फिकट डाग उरतोच आणि रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड त्यात फुटतो. आरशामागे लेन सांभाळायला आणि आपोआप ब्रेक लावायला मदत करणारा कॅमेरा असेल तर कॅमेऱ्यासमोरचा टवकाही भरून उपयोग नाही. तुमच्या वर्णनावरून तुमचा टवका या सगळ्यांतून पास होतो.

भरतात असा : टवक्यावर छोटा पूल बसवून आतली हवा ओढून घेतात, मग पातळ रेझिन दाबाखाली सोडतात. हे दाब-निर्वात आलटून पालटून दोन-तीनदा करतात, अतिनील दिव्याखाली रेझिन घट्ट करतात, वरच्या खळग्यात जाड रेझिन भरतात आणि पातीने तासून सपाट करतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पाच मिनिटांत 'झालं' म्हणणाऱ्याने हवा काढलेली नसते. रेषांमध्ये चंदेरी चमक उरली असेल तर हवा तशीच आहे, पुन्हा करायला सांगा.

घाई एवढ्यासाठी की टवक्यात धूळ आणि पाणी शिरलं की रेझिन काचेला धरत नाही. तोवर कोरड्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा. गाडी धुऊ नका. घरातला झटपट चिकटणारा गोंद त्यात चुकूनही सोडू नका. तो आत सुकला की मग कुणालाच ती जागा भरता येत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा झोत सोडला की तडा डोळ्यांदेखत धावतो. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना अ‍ॅपवरून केबिन आधीच गार करून ठेवायची सवय असते, ती टवका भरेपर्यंत सोडा. निदान हवेची दिशा काचेकडे नको, पायांकडे ठेवा.

सर्व्हिस सेंटर 'बदलाच' म्हणतं त्यामागे दर वेळी लबाडीच असते असं नाही. बऱ्याच ठिकाणी रेझिन भरण्याचं साहित्यच नसतं. हे काम फक्त काचेचं काम करणाऱ्यांकडे करून घ्यावं.

प्रश्न : काचेला कडेपासून कडेपर्यंत तडा गेला आहे. सर्व्हिस सेंटरने आधी आठ दिवस सांगितले, मग पंधरा, आता 'वरूनच येत नाही' एवढंच उत्तर मिळतं. गाडी आपल्याच जिल्ह्यात बनते, मग काच का मिळू नये? इलेक्ट्रिक गाडी आहे म्हणून का? (वाचिका, बाणेर)

उत्तर : शेवटचा मुद्दा आधी. बॅटरीवर चालते म्हणून काच वेगळी नसते. पण इलेक्ट्रिक गाड्या बहुतेक नव्या मॉडेलच्या, भरपूर सुविधांच्या आणि कमी संख्येने विकलेल्या असतात. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे वाऱ्याचा आवाज खुपतो, म्हणून काहींत आवाज शोषणारी काच घालतात. त्यात कॅमेऱ्याची चौकट, पावसाचा सेन्सर आणि काही गाड्यांत काचेवर वेग दाखवणारा डिस्प्ले यांची भर पडते. एकाच मॉडेलच्या तीन-चार वेगवेगळ्या काचा होतात आणि कोपऱ्यावरच्या डेपोत नेमकी तुमची नसते.

चाकण आणि रांजणगावात इलेक्ट्रिक मोटारी बनतात, चाकणजवळ कुरुळीला मोटारींच्या काचांचा कारखानाही आहे. तरी त्या काचेची वाट वेगळी आणि तुमच्या काचेची वेगळी. जुळणीच्या साखळीला लागणारी काच थेट तिथे जाते. सुट्या भागाची काच वेगळी बांधली जाते, तिच्यावर पार्ट नंबर चढतो, ती वाहन कंपनीच्या स्पेअर डेपोत जाते आणि तिथून डीलरकडे. मॉडेल नवं आणि मागणी जास्त असेल तेव्हा आधी साखळीचं पोट भरतं.

पण आमच्याकडे आलेली पत्रं वाचताना दिसतं ते असं की 'काच येत नाही' म्हणून सांगितलेल्या दिवसांपैकी बरेच दिवस काच मागवलेलीच नसते. गाडी उभी, जॉब कार्ड (वर्कशॉपमधली कामाची नोंद) उघडं, आणि ऑर्डर मात्र विम्याच्या मंजुरीसाठी थांबलेली. इथे एक फरक पक्का लक्षात ठेवा : काच मागवणं वेगळं आणि बसवणं वेगळं. विमा कंपनीच्या पाहणीआधी जुनी काच काढली तर दावा अडचणीत येतो. नवी काच मागवून ठेवण्याला मात्र कोणाचीच हरकत नसते. डीलरला भीती एवढीच की दावा नाकारला गेला तर काच त्याच्या गळ्यात पडेल. थोडी आगाऊ रक्कम भरून पावती घ्या, ती भीती जाते.

दुसरी जागा पार्ट नंबरची. काच मॉडेलच्या नावावरून मागवली की चुकीची येते. चासिस नंबरच्या सतरा अक्षरांवरून मागवली की बरोबर येते. त्याही पुढे, जुन्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या छापाचा आणि आरशामागच्या भागाचा फोटो ऑर्डरसोबत जोडायला सांगा. कॅमेऱ्याची चौकट नसलेली काच आली तर ती परत जाते आणि रांगेत तुमचा नंबर पुन्हा शेवटून पहिला.

तिसरी जागा ऑर्डरच्या प्रकाराची. डीलर नेहमीचा माल 'स्टॉक ऑर्डर'ने मागवतात. वर्कशॉपमध्ये अडून पडलेल्या गाडीसाठी मात्र 'व्हीओआर', म्हणजे गाडी रस्त्यावर नाही अशा शेऱ्याची तातडीची ऑर्डर असते. बहुतेक कंपन्यांत ती टाकायला गाडी प्रत्यक्ष वर्कशॉपमध्ये आणि जॉब कार्ड उघडं असावं लागतं. गाडी तुम्ही चालवत असाल तर तुमची ऑर्डर साध्या रांगेत असण्याची शक्यता बरीच. कोणती ऑर्डर टाकली आहे, ते विचारून घ्या.

मग प्रवास. काच उभी बांधून येते आणि वाटेत फुटते. यात कुणाचं फारसं चुकत नाही. चुकतं ते खोकं बसवण्याच्या दिवशी उघडण्यात. खोकं आलं त्याच दिवशी, तुमच्या किंवा सुपरवायझरच्या समोर उघडायला लावा आणि चारही कडा बोटाने तपासायला सांगा. कडेला बारीकसा टवका असलेली काच बसते छान, पण पहिल्या कडक उन्हात तिलाच तडा जातो.

आणि शेवटी चिल्लर. काच येते, पण वरची मोल्डिंग पट्टी, वायपरखालच्या प्लास्टिक जाळीच्या क्लिपा, पावसाच्या सेन्सरखालची जेलची गादी यांतलं काहीतरी नसतं. हे भाग बहुतेक एकदाच वापरायचे असतात, काढताना तुटतात. काही शे रुपयांच्या गादीसाठी गाडी आणखी आठवडाभर उभी राहते. सगळं एकाच ऑर्डरमध्ये जाऊ द्या.

तेव्हा फोन बंद करा आणि आज एक ई-मेल पाठवा. त्यात विचारा : पार्ट नंबर कोणता, ऑर्डर क्रमांक आणि तारीख काय, ऑर्डर कोणत्या प्रकारची, डेपोने दिलेली अपेक्षित तारीख कोणती, सोबतचे सुटे भाग मागवले का, आणि काच बसल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, कुठे व कधी होणार. हाच मेल वाहन कंपनीच्या ग्राहक विभागालाही जाऊ द्या. ऑर्डर क्रमांक मिळाला की कंपनी तो स्वतः तपासू शकते, आणि राज्यातल्या दुसऱ्या डीलरकडे तीच काच पडून असेल तर ती वळवण्याचा मार्गही तिथूनच निघतो.

एवढ्याने हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नोंदवलेली तक्रार कंपनीच्या वेगळ्या टेबलावर जाते, हा तिचा खरा उपयोग. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. पण काचेसाठी आयोगाकडे जाण्याआधी लेखी पत्रव्यवहार हाताशी हवा. 'फोनवर सांगितलं होतं' याला तिथे काडीची किंमत नाही. विम्याच्या बाजूने अडलं असेल तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं एक कार्यालय आपल्या नारायण पेठेतच आहे आणि तिथे फी लागत नाही.

वॉरंटीचं कोणी विचारण्याआधी सांगून ठेवतो : बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी काचेला लागू नाही. दगडाने फुटलेली काच कोणत्याच वॉरंटीत बसत नाही.

प्रश्न : काच विम्यातून घ्यावी की खिशातून? झिरो डेप (भाग जुना झाल्याबद्दल पैसे न कापण्याचं जादा संरक्षण) नाही, तर निम्मे पैसे मलाच भरावे लागतील असं एजंट सांगतात. (वाचक, कोथरूड)

उत्तर : एजंटांना पॉलिसी पुन्हा एकदा वाचायला सांगा. आपल्याकडच्या सर्वसाधारण मोटार पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर यांवर ५० टक्के घसारा कापतात, फायबर ग्लासवर ३० टक्के. काचेच्या भागांवर घसारा शून्य. म्हणजे झिरो डेप नसतानाही काचेची किंमत पूर्ण धरली जाते. कापलं जातं ते मोल्डिंग पट्टी आणि क्लिपांवर. चिकटवण्याचं पॉलियुरेथेन आणि प्रायमर अनेकदा 'कन्झ्युमेबल' म्हणून नाकारतात. त्यासाठी वेगळं संरक्षण घेतलं असेल तर तेही मिळतं. शिवाय दर दाव्याला सक्तीची वजावट असते : १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १००० रुपये, त्यावरच्यांना २०००. तुमच्या गाडीला सीसीच नाहीत, तेव्हा शेड्यूलमध्ये छापलेला आकडा पाहा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर यातलं काहीच मिळत नाही.

खरा हिशेब नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा. समजा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ हप्ता २०,००० रुपये आहे आणि आज तुम्हाला ३५ टक्के बोनस मिळतो. दावा केला नाही तर पुढच्या वर्षापासून ४५, मग ५०, ५०, ५०, ५० टक्के. दावा केला तर शून्य, मग २०, २५, ३५, ४५. दर वर्षीचा फरक ९०००, ६०००, ५०००, ३००० आणि १००० रुपये. पाच वर्षांत २४,००० रुपये, जीएसटी वेगळा. गाडी जुनी होईल तसा मूळ हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी धरा.

तेव्हा साध्या काचेचं एस्टिमेट पंधरा-सोळा हजारांचं असेल तर खिशातून द्या. कॅमेरा, डिस्प्ले आणि कॅलिब्रेशनसकट आकडा त्याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर दावा करा. बोनस मुळातच शून्य किंवा २० टक्के असेल तरी गणित दाव्याच्या बाजूने झुकतं. बोनस वाचवणारं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तर विचार करायचं कारणच नाही. काही कंपन्या टवका भरण्याचा खर्च बोनसला हात न लावता देतात, हे मात्र फोनवर न विचारता पॉलिसीच्या मजकुरात शोधा.

एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशन ही वेगळी ओळ सुरुवातीलाच लिहून घ्या. काच मंजूर झाल्यावर मागाहून पाठवलेली ओळ विमा कंपनी सहज कापते.

प्रश्न : काच येईपर्यंत तडा गेलेली गाडी चालवली तर चालेल का? पावसाचं पाणी आत झिरपलं तर बॅटरीला धोका? आणि सर्व्हिस सेंटरमध्ये महिनाभर उभी ठेवली तर? (तीन वाचक, पिंपळे सौदागर, हडपसर, वारजे)

उत्तर : तडा एकाच बाजूला, चालकाच्या नजरेच्या बाहेर आणि न वाढणारा असेल, तर सावकाश, जवळपास आणि दिवसा चालवायला हरकत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना मार्करने बारीक खूण करा आणि तारीख टाका. दोन दिवसांत तडा खुणेच्या पुढे गेला तर गाडी उभी करा. कोळ्याच्या जाळ्यासारखी फुटलेली, आतल्या बाजूने कण गळणारी किंवा कडेशी सुटलेली काच घेऊन रस्त्यावर उतरू नका. पुढची काच छपराला आधार देते आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना काचेवरच टेकते. तडा कॅमेऱ्यासमोरून जात असेल तर लेन सांभाळणं आणि आपोआप ब्रेक लावणं या सुविधा सेटिंगमधून बंद ठेवा. कॅमेऱ्याला तडा हीच लेनची रेघ वाटू शकते.

पाण्याचं. मुख्य बॅटरी तळाशी बंद पेटीत असते, आणि सहसा आयपी ६७ दर्जाची, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जाऊ नये अशी. काचेतून झिरपणारं पाणी तिथवर पोहोचत नाही. ते पोहोचतं डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सला, कनेक्टरना आणि स्क्रीनला. ही सगळी १२ व्होल्टची मंडळी, पण गाडी बंद पाडायला तेवढी पुरेशी असतात. उघड्यावर उभी करायची वेळ आली तर जाड प्लास्टिकचा कागद काचेच्या वरून छपरापर्यंत आणि दोन्ही दारांच्या आत घेऊन दारं लावा, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. चिकटपट्टी रंगावर लावू नका, पुण्याच्या उन्हात ती आठवड्यात रंगासकट निघते.

महिनाभर उभी राहणार असेल तर देताना चार्ज ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण भरूनही नको आणि १५ टक्क्यांवरही नको. जॉब कार्डावर टक्के आणि किलोमीटर दोन्ही लिहून घ्या. गंमत अशी की अशा उभ्या गाडीत मरते ती मोठी बॅटरी नव्हे, १२ व्होल्टची छोटी. अ‍ॅपशी बोलणारं यंत्र आणि अलार्म तिच्यावर जगतात. काही गाड्या मोठ्या बॅटरीतून तिला अधूनमधून भरून घेतात, सगळ्या नाही. अ‍ॅपवरून गाडीची खुशाली दिवसातून दहादा विचारू नका. दर वेळी गाडी जागी होते.

प्रश्न : नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात माझ्या गाडीची 'सेम' काच बऱ्याच कमी पैशांत आणि दोन दिवसांत मिळते आहे. घेऊ का? (वाचक, कॅम्प)

उत्तर : गाडीत कॅमेरा आणि काचेवरचा डिस्प्ले नसेल तर घेता येईल, डोळे उघडे ठेवून. कोपऱ्यातल्या छापात आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा मानक क्रमांक पाहा. वाहनांच्या सुरक्षित काचेसाठी तोच आहे. मोटार वाहन नियम १०० नुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार व्हायला हवा, तेव्हा गडद छटेची 'उन्हाला बरी' म्हणून दिलेली काच नको. काचेतून दूरच्या इमारतीची उभी कड पाहा आणि मान हळूहळू हलवा. कड लहरली तर काच परत करा, त्या काचेतून महिनाभरात डोकं दुखू लागेल.

काचेवर डिस्प्ले असेल तर मधला थर साधा नसतो, खालून वर किंचित जाड होत जाणारा असतो. साध्या थराची काच बसवली की वेगाचा आकडा दोन-दोन दिसतो. तो कोणत्याही सेटिंगने एक होत नाही. आणि कॅमेऱ्याची गाडी असेल तर काच स्वस्त पडते, पण 'बाहेरची काच आहे, आम्ही कॅलिब्रेशन करणार नाही' हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. आधी कॅलिब्रेशन कोण करणार ते लेखी घ्या, मगच नाना पेठेत जा.

प्रश्न : काच बदलली, पण ७० च्या पुढे शीळ घातल्यासारखा आवाज येतो. शिवाय डॅशबोर्डवर कॅमेऱ्याची सूचना दिसते. सर्व्हिस सेंटर म्हणतं, 'चालवत राहा, आपोआप जाईल.' (वाचिका, वाकड)

उत्तर : आवाज आपोआप जात नाही. तो शोधायची युक्ती सोपी आहे. मोल्डिंगच्या कडेवर रंगकामाची कागदी चिकटपट्टी लावा, आधी डावी बाजू, मग वरची, मग उजवी, आणि दर वेळी त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवा. जिथे पट्टी लावल्यावर शीळ थांबली तिथे मोल्डिंग नीट बसलेली नाही किंवा खालच्या चिकटाची वात (काचेच्या कडेने घातलेली सलग ओळ) तुटली आहे. तीच जागा पाण्यानेही तपासा. साध्या नळीने खालून वर, हळूहळू पाणी सोडा आणि आत एकाने टॉर्च घेऊन बसावं. प्रेशर वॉशर नको. आत थेंब दिसला तर वरून सिलिकॉन फासून देतील, ते घेऊ नका. काच पुन्हा उचलून वात नव्याने घालायला सांगा.

बसवणं नीट झालं होतं की नाही, हे पुढच्या वेळी पाहायचे मुद्दे असे : जुनं चिकट चौकटीवरून खरवडून काढत नाहीत, एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवतात, कारण नवं पॉलियुरेथेन जुन्यावर उत्तम धरतं. पाते लागून रंग उडाला असेल तर तिथे प्रायमर लागलाच पाहिजे, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज धरतो. वात त्रिकोणी, सलग आणि सांधा न ठेवता घालायची. काच दोन माणसांनी काचेला चिकटणाऱ्या रबरी कपांनी धरून एकदाच ठेवायची, सरकवायची नाही. गाडी किती वेळाने हलवायची तो आकडा त्या चिकटाच्या नळीवर छापलेला असतो, कुठे एक तास, कुठे बरेच तास. हे चिकट हवेतल्या दमटपणाने घट्ट होतं, म्हणून पावसाळ्यात लवकर होतं, पण पाऊस अंगावर घेत बसवायचं नाही. पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि दार आपटू नका. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा काचेला बाहेर ढकलते. दोन दिवस धुलाई नाही.

आता कॅमेरा. काही गाड्या रस्त्यावर चालवून कॅमेरा जुळवून घेतात, पण तेही स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं वर्कशॉपचं यंत्र) जोडून प्रक्रिया सुरू केल्यावर. 'चालवत राहा' एवढ्याने ती होत नाही. त्यासाठी ठरावीक वेग आणि स्वच्छ पांढऱ्या रेघा लागतात. वाकडच्या आतल्या रस्त्यांवर रेघा शोधण्यात दिवस जाईल. हे काम द्रुतगती मार्गावरच होतं. दुसरी पद्धत वर्कशॉपमधली : सपाट फरशी, गाडीसमोर ठरावीक अंतरावर नक्षीचा फलक, टायरमध्ये बरोबर हवा, डिकी रिकामी, स्टिअरिंग सरळ, उजेड सारखा. डिकीत चार्जिंग केबल, पाण्याचे कॅन आणि गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं ठेवून कॅलिब्रेशन केलं तर कॅमेरा आभाळाकडे बघायला शिकतो.

ही चिकित्सा कशाला, ते आकड्यात सांगतो. कॅमेरा एका अंशाने डावी-उजवीकडे वळला तर ५० मीटरवर ८७ सेंटिमीटरची चूक होते, १०० मीटरवर पावणेदोन मीटरची. महामार्गावरची लेन साडेतीन मीटरची असते. म्हणजे शेजारच्या लेनमधला ट्रक गाडीला स्वतःच्या लेनमध्ये दिसू शकतो आणि ती ब्रेक लावते. काम झाल्याचा छापील अहवाल स्कॅनरमधून निघतो, तो मागून घ्या. तो हातात येईपर्यंत या सुविधा बंद.

प्रश्न : सोसायटीत नारळाची झावळी पडून मागच्या काचेचा चुरा झाला. ती भरता येते का? (वाचक, प्रभात रस्ता)

उत्तर : नाही. मागची काच सहसा एकेरी टफन्ड, म्हणजे उष्णतेने कडक केलेली असते. फुटली की पूर्ण फुटते. हातमोजे घालून मोठे तुकडे काढा, बाकी व्हॅक्यूमने, आणि डिकीच्या दाराच्या खाचेतले कण विसरू नका. तेच नंतर लॉकमध्ये अडकतात. नवी मागवताना काचेवरच्या गरम तारा आणि अँटेना यांची जोडणी तीच आहे का ते पाहा.

प्रश्न : जुन्या काचेवरचा फास्टॅग सोलून नव्या काचेवर लावता येतो का? आम्हाला टोलमाफी आहे, तेव्हा टॅग नसला तरी काय बिघडतं? (दोन वाचक, पुणे)

उत्तर : सोलला की आतली अँटेना फाटते, तो टॅग मेला. काच कापण्याआधी टॅग ज्या बँकेचा आहे तिच्याकडे बदली टॅग मागवा. जुनी शिल्लक त्याच खात्यात राहते. दुसऱ्या बँकेचा नवा टॅग घेऊ नका, एका गाडीला एकच टॅग चालतो.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू इथे इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. ती सगळीकडे नाही. खेड-शिवापूरला किंवा सोलापूर रस्त्यावर टोल लागतोच. राष्ट्रीय महामार्गावर चालू टॅग नसेल तर १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने सव्वापट टोल पडतो. माफीसाठीही गाडी ओळखली जाते ती टॅग आणि नोंदणीच्या माहितीवरून, म्हणून नवा टॅग घेताना इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिकच आहे ना, ते पाहून घ्या. टॅग आतून, आरशाच्या मागे, पण कॅमेऱ्यापासून दूर लावा. उष्णता परतवणारा धातूचा लेप असलेल्या काचेत टॅगसाठी बिनलेपाची जागा सोडलेली असते. ती सोडून लावला तर नाक्यावरचं यंत्र त्याला वाचतच नाही.

जुन्या काचेबरोबर आणखी एक गोष्ट जाते, जिची आठवण कोणाला होत नाही : डाव्या कोपऱ्यातला उच्च सुरक्षा नंबर प्लेटचा तिसरा स्टिकर. त्यावर गाडीचा नंबर आणि दोन्ही प्लेट्सचे लेझर क्रमांक असतात. जुनी काच भंगारात जाण्याआधी त्याचा फोटो काढा आणि डीलरकडून नवा मागवून घ्या. पीयूसीचा कागद मात्र शोधत बसू नका, तो तुमच्या गाडीला लागतच नाही.